घोडीची साक्ष

काल गावात कथेकरी आला होता. आमचं हे मिठाच्या विहिरींचं गाव, लोईंचं, म्हणजे वाळीत टाकलेल्यांचं गाव. इथलं पाणी पिणं बाहेरच्या माणसाच्या जिवावर येतं. हा पठ्ठ्या स्वतःच्या पाण्याचा भोपळा काखेला लावूनच आला. चटई अंथरली, थाप मारायला पुढ्यात उशी ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाला, "तर मंडळी, आज ऐका शहाण्या लांगयाम्बा राजाची आणि त्या घोडीची गोष्ट."

ती गोष्ट मला पाठ आहे, कारण मी त्या गोष्टीत आहे. शेवटी एक बाई येते ना, रडत राजाचे पाय धरणारी आणि "धन्य महाराज" म्हणून जाणारी? ती मी. रडले होते हे खरं. पण पाय धरले नव्हते आणि धन्य तर मुळीच म्हटलं नव्हतं.

कथेकरी तिखटमीठ लावून सांगतात, त्यांचं पोट त्यावर आहे. पण मी जिवंत आहे तोवर माझ्या तोंडी दुसऱ्याचे शब्द कोंबले जावेत याचा मला संताप येतो. म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

माझा नवरा तोम्पोक. त्याला दलदलीत एक शिंगरू सापडलं होतं, आई मेलेलं, चिखलात पोटापर्यंत रुतलेलं. त्यानं ते खांद्यावर घालून घरी आणलं, भाताची पेज पाजून जगवलं आणि नाव ठेवलं थाबल, म्हणजे चांदणं, कारण ती पांढुरकी होती. मी नवी नवरी होते तेव्हा. लोक मला विचारायचे, "लैहाव, तुझा नवरा तुझ्याशी जास्त बोलतो की घोडीशी?" मी म्हणायची, "घोडीशी. ती उलटून बोलत नाही ना."

आमच्याकडे वर्षातले काही महिने घोडी दलदलीत मोकळी सोडतात. पोटभर गवत खातात, बेटाबेटावरून पोहत फिरतात, आणि घोड्यावरून चेंडू मारायच्या कांगजैच्या खेळाचे दिवस आले की ज्याचा तो आपली पकडून आणतो. सोडायच्या आधी प्रत्येक जण आपल्या घोड्याचा कान कातरतो. कुणी टोकाला, कुणी मुळाशी. तीच खूण. तोम्पोकनं थाबलचा कान कधीच कातरला नाही. सुरी घेऊन बसायचा, तिचा कान चाचपायचा, आणि सुरी परत ठेवायचा.

"अरे, उद्या कुणी म्हटलं ही माझी, तर?" मी विचारायची.

"ती मला ओळखते की," तो म्हणायचा.

त्या वर्षी तो दलदलीतून घोडी आणायला गेला तर थाबल चाओरेनच्या अंगणात बांधलेली. चाओरेन आमच्याच वस्तीतला, बोलायला गोड, कांगजैत तरबेज. त्याच्या घोड्यानं नुकताच पाय मोडून घेतला होता. तोम्पोकनं हटकलं तर हा म्हणतो, "तुझी? कान दाखव. खूण कुठं आहे?"

"तुझी तरी खूण कुठं आहे?"

"मला खुणेची गरज काय? ती मला ओळखते."

शब्दाला शब्द वाढला, हातघाई झाली आणि प्रकरण गेलं कांगल्याच्या राजवाड्यात, राजासमोर.

लांगयाम्बा राजा तेव्हा चाळिशीचा असेल. आवाज इतका हळू की ऐकायला माणसं पुढं झुकायची. कधी कुणावर ओरडला नाही. त्याच्या निवाड्यांच्या गोष्टी तेव्हाच बायकांच्या बाजारात मासळीबरोबर विकल्या जात होत्या म्हणा ना. मला तर वाटलं, आपलं नशीब चांगलं, हा राजा आहे.

राजानं तोम्पोकला विचारलं, "सगळे कातरतात. तू कान का कातरला नाहीस?"

"दुखेल तिला म्हणून, महाराज."

सगळा दरबार हसला. तोम्पोकही हसला, भोळा माणूस. राजा हसला नाही. म्हणाला, "दोघंही म्हणता घोडी मला ओळखते. मग तिलाच विचारू. कबूल?"

दोघंही कबूल म्हणाले. तोम्पोकचा चेहरा तर असा उजळला, की काम झालंच.

मैदानाच्या एका टोकाला चाओरेन, दुसऱ्या टोकाला तोम्पोक, आणि मधे थाबल मोकळी सोडलेली. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, नुसते हात पुढं करून उभं राहायचं. थाबल जरा वेळ गवत हुंगत राहिली. मग तिनं मान वर केली, दोन्हीकडं बघितलं, आणि सरळ चाओरेनकडं चालत गेली. त्याचा तळहात चाटायला लागली. चाटतच राहिली.

लोकांनी एकच आरोळी ठोकली. राजा हळूच म्हणाला, "मुक्या जनावराला खोटं बोलता येत नाही."

हे वाक्य आता शेंबडं पोरही म्हणतं.

राजासमोर खोटं बोलला म्हणून तोम्पोकला लोई केलं. पाठवलं मिठाच्या विहिरींवर. लोई झालेल्या माणसाच्या हातचं कुणी खात नाही, त्याच्या मुलाबाळांच्याही नाही, पिढ्यान् पिढ्या. नेताना त्याला माझ्याशी बोलू दिलं नाही. तो माझ्याकडं बघतही नव्हता. मान वळवून वळवून घोडीकडं बघत होता.

मी भावाकडं राहायला गेले. यैमादादा माझ्याहून मोठा, सरळ माणूस, थोडा मोठेपणाचा भुकेला. कुणी रस्त्यात आदरानं वाकलं की दिवसभर खुशीत असायचा. पण त्यानं मला कधी ओझं मानलं नाही. जेवताना माशाचा चांगला तुकडा माझ्याच पानात पडायचा. वहिनी नाक मुरडायची, तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

अशी वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात चाओरेन आजारी पडला. पोट फुगलं, अन्न आत ठरेना. माइबा आला, त्यानं नाडी बघितली, देवाला विचारलं आणि सांगितलं, "तुझ्या पोटात न पचलेली लबाडी आहे. ती बाहेर काढ, नाहीतर मरशील." आमच्या माइबांची ही रीत जुनी आहे. आणि मरणाला भ्यालेल्या चाओरेननं वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून भडाभडा सगळं ओकून टाकलं.

त्याच्या बायकोचं माहेर मिठाच्या वाटेवर. घरात मिठाच्या वड्यांची उतरंड. आमच्या घरी वडी यायची ती सणाला, आणि तीही आमटीत बुडवून पुन्हा काढून ठेवायची. तर हा रोज दलदलीत जाऊन थाबलला तळहातावर मीठ चाटवायचा. सगळा पावसाळा. निवाड्याच्या दिवशी हात मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून आला होता.

घोडी खाल्ल्या मिठाला जागली, एवढंच.

लबाडी ओकली आणि चाओरेन बरा झाला. ठणठणीत. अजून नातवंडं खेळवत असेल.

मला ही बातमी बाजारात कळली. मी टोपली तिथंच टाकून धावत घरी आले. तोम्पोकचं धोतर पेटीतून काढलं, धुतलं, उन्हात घातलं. वहिनी म्हणाली, "अगं, अजून राजानं काही म्हटलं तरी आहे का?" मी म्हटलं, "म्हणेल. शहाणा राजा आहे." मीच म्हटलं हे. माझ्याच तोंडानं.

वडीलधारे राजाकडं गेले. राजानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वर्ष संपत आलंय. चैराओबा होऊ दे. मग बघू."

आता चैराओबा म्हणजे आमचं नवं वर्ष. आमच्यात वर्षाला आकडा नसतो, माणसाचं नाव असतं. दर वर्षी एक चैथाबा निवडतात आणि ते वर्ष त्याचं. अमक्याच्या वर्षी पूर आला, तमक्याच्या वर्षी माझं लग्न झालं, असं आम्ही म्हणतो. त्याला राजाकडून मानाचा अंगरखा मिळतो, वेठ माफ होते. आणि त्या बदल्यात तो दरबारात उभा राहून राजाचं आणि राज्याचं सगळं वाईट आपल्या डोक्यावर घेतो. पाप, रोग, बदनामी, जे काही असेल ते.

त्या वर्षी निवड झाली यैमादादाची.

घरात नुसती दिवाळी, तुमच्या भाषेत. दादा आरशात, म्हणजे पाण्याच्या परातीत, दहा वेळा तोंड बघून आला. मी त्याला चिडवलं, "आता आमच्याशी बोलशील ना? की वर्षाला विचारून बोलावं लागेल?"

"बोलेन, बोलेन," तो म्हणाला, "पण जरा वाकून विचारायचं."

आम्ही किती हसलो. मला खरंच वाटलं, देवच पावला. माझा भाऊ राजाच्या इतक्या जवळ उभा राहणार, आता आमच्या शब्दाला वजन येणार.

चैराओबाच्या दिवशी मी गर्दीत उभी होते. दादाला अंगरखा जरा मोठा होत होता. जुन्या चैथाबानं वर्षाची काठी त्याच्या हातात दिली. दादानं राजासमोर वाकून ते शब्द म्हटले. महाराज, आपल्या हातून झालेलं, आपल्या वाट्याला येणारं, सगळं अशुभ मी माझ्या डोक्यावर घेतो. त्याचा आवाज खणखणीत होता. मला त्याचा अभिमान वाटला. संध्याकाळी सगळ्यांबरोबर मी डोंगर चढले. आमच्यात त्या दिवशी डोंगर चढतात, म्हणजे पुढच्या आयुष्यात चढती राहते.

सण उरकल्यावर मी दादाला घेऊन कांगल्याला गेले. राजानं आम्हाला बसायला सांगितलं, पानसुपारी दिली. कुणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं, निदान तोंडावर शिव्या तरी देता आल्या असत्या.

"महाराज," मी म्हटलं, "चैराओबा झाला. माझा नवरा कधी येतो?"

राजा म्हणाला, "बाई, तुझा नवरा निर्दोष आहे. निवाडा चुकला. माझ्या हातून चुकला. हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तेच ते रडणं. कथेकरी शेवटी घालतात, पण ते इथं होतं, आणि ते आनंदाचं होतं.

मग तो दादाकडं वळला. "यैमा, त्या दिवशी तू काय शब्द म्हटलेस?"

दादानं म्हणून दाखवले.

"त्यातून काही वगळलं होतंस?"

"नाही, महाराज."

"मग सांग, ही चूक आता कुणाची?"

दादाचा चेहरा पांढरा पडला. अजूनही मला काही कळलं नव्हतं. मी येड्यासारखी दोघांकडं बघत होते.

राजा मला समजावून सांगू लागला, लहान मुलीला सांगावं तसं. "बाई, चूक माझी होती तोवर ती दुरुस्त करणं माझं काम होतं. आता ती माझी राहिली नाही. तुझ्या भावानं ती उचलली. एकदा उचललेलं मी परत मागून घेतलं, तर चैराओबाच मोडला. मग बाकीचं सगळंही परत येईल, रोग, पूर, दुष्काळ. एका माणसासाठी मी ते सगळ्या राज्यावर आणू?"

"मग दादाला निवाडा फिरवू द्या. चूक त्याची आहे ना आता?"

"निवाडा फिरवायचा अधिकार राजाचा असतो."

"म्हणजे अधिकार तुमच्याकडं आणि चूक आमच्याकडं."

दरबारातल्या कुणीतरी "ए, जपून" म्हटलं. राजानं हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडं बघून हसला. कौतुकानं हसला! "हुशार आहेस," म्हणाला.

मी विचारलं, "महाराज, तुम्हाला हे चैराओबाच्या आधी कळलं होतं. तेव्हा का नाही बोलावलंत त्याला?"

त्यानं हसू तसंच ठेवून पानसुपारीचं तबक माझ्याकडं सरकवलं. मला तेवढं उत्तर पुरलं. चुकलेला निवाडा एकदा मागं घेतला की हरलेला प्रत्येक माणूस दारात येऊन उभा राहणार, माझाही चुकला म्हणणार. शहाण्या राजाला हे नको होतं. ते न होण्याची सोय त्याला सापडली, आणि ती सोय अंगरखा घालून माझ्या शेजारी बसली होती.

"आणि घोडी?" मी विचारलं.

"घोडी निवाड्यानं चाओरेनची आहे."

मग राजा म्हणाला, "पण तुला मी रिकाम्या हातानं पाठवणार नाही. नवऱ्याला इथं आणता येत नाही. तुला तिथं जाता येईल. ज्या बाईला नवरा हवा, तिला नवरा मिळेल. तुझी वाट कुणी अडवणार नाही."

दरबारात लोकांनी डोळे पुसले. एक म्हातारा सरदार तर मोठ्यानं म्हणाला, "काय मन आहे! काय न्याय आहे!" मला लोई केलं होतं त्यानं, एका वाक्यात, आणि लोक धन्य म्हणत होते. कथेकऱ्यांनी तो शब्द तिथून उचलला आणि माझ्या तोंडात घातला.

मी जाईन म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परत येताना दादा अंगरख्याचा घोळ सावरत चालत होता. दारापाशी आल्यावर म्हणाला, "लैहाव, त्यात हे आहे हे मला ठाऊक नव्हतं गं. दरवर्षी सगळे म्हणतात, म्हणून मी म्हटलं."

"मग तो अंगरखा नेऊन टाक त्याच्या अंगावर," मी म्हणाले.

"टाकता येत नाही."

मला माहीत होतं, टाकता येत नाही. तरी मी त्याच्याशी न बोलता निघाले. त्याच्या घराची पायरी मी पुन्हा चढले नाही. त्या वर्षी गारा पडून भात झोपला. यैमाच्या वर्षी भात गेला, असं लोक आजही म्हणतात. पुढं एकदा तो आला होता, ओढ्याच्या पलीकडं उभा राहिला. अलीकडं आला असता तर बाटला असता. तिथूनच ओरडून म्हणाला, "वर्ष संपलं तरी उतरत नाही गं डोक्यावरून." मी अलीकडं उभी होते, हात मिठानं भरलेले. काय बोलणार? "जेवलास का?" एवढंच विचारलं. मी वाढलेलं तो खाऊ शकत नव्हता.

पण तोम्पोकचं सांगायचं राहिलं.

मी इथं आले तेव्हा तो विहिरीतून खारं पाणी उपसत होता. विहीर म्हणजे पोकळ केलेलं झाडाचं खोड, जमिनीत उभं ठोकलेलं. मला बघून त्यानं भांडं खाली ठेवलं. मी तिथंच, ओल्या चिखलात बसून, एका दमात सगळं सांगितलं. मीठ, चाओरेन, माइबा, राजाची कबुली. मला वाटलं होतं तो मला मिठीत घेईल. निदान चाओरेनला शिव्या देईल.

त्यानं खाली ठेवलेलं भांडं उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाला, "हे तू मला कशाला सांगितलंस?"

"म्हणजे?"

"मी रोज मनाशी म्हणायचो, राजा चुकत नाही. शिंगरू दलदलीतलंच होतं. असेल चाओरेनच्या घोडीचं. माझीच काहीतरी चूक झाली असेल, म्हणून भोगतोय. असं म्हटलं की हात चालायचे. आता तू म्हणतेस माझं काहीच चुकलं नव्हतं. मग हे सगळं कशाचं? आता मी उद्या हे भांडं कसं उचलू?"

"राजानं स्वतः सांगितलंय, तोम्पोक. सगळ्यांसमोर."

"पुन्हा हे बोलू नकोस," तो म्हणाला. ओरडला नाही. हात जोडून म्हणाला.

मी पुन्हा बोलले नाही. मला राजाचा राग आला होता त्याहून जास्त राग त्या दिवशी तोम्पोकचा आला. तो राग गेला नाही, त्याच्याबरोबरच मी संसार केला. एक मुलगी झाली, तिचं लग्न इथंच झालं, नात झाली. बायका मडक्यांत खारं पाणी आटवतात, केळीच्या पानावर वड्या थापतात. पुरुष लाकडं आणतात, भट्टी राखतात. भट्टीच्या धुरानं तोम्पोकच्या डोळ्यांत फूल पडलं. आता त्याला उजेड तेवढा कळतो. आमच्या वड्या मात्र राजवाड्यात जातात. आमचं पाणी बाटतं, मीठ बाटत नाही.

तर काल कथेकरी सांगत होता. रंगात आला होता. "एका टोकाला चोर, एका टोकाला धनी! आणि मधे ती मुकी घोडी!" उशीवर थाप मारत होता. सगळं गाव तोंड उघडं टाकून ऐकत होतं. तोम्पोक सगळ्यांत पुढं बसला होता, आवाजाकडं कान करून. "आणि मग मंडळी, घोडी चालत आली, आणि आपल्या खऱ्या धन्याचा हात चाटायला लागली!"

माझी नात सनारै माझ्या मांडीवर होती. ती म्हणाली, "त्याच्या हातावर मीठ असणार."

पोरगी काही शहाणपणा करत नव्हती. या गावात गाय, शेळी, वाटसरूचं घोडं, जे येईल ते आमचे हात चाटतं. चालायला लागायच्या आधी पोरांना हे कळतं.

कथेकरी अडखळला. थोडे लोक हसले. एवढ्या वर्षांत कुणीतरी ते मोठ्यानं म्हटलं होतं, आणि मला वाटलं, आता तोम्पोक बोलेल. आता तरी.

त्यानं पांढरे डोळे आमच्या दिशेला वळवले. "गप बस गं," तो म्हणाला. "राजा शहाणा होता. बुवा, तुम्ही सांगा पुढं."

सनारै खट्टू होऊन माझ्या कुशीत शिरली. मी तिचा हात हातात घेतला. दिवसभर माझ्याबरोबर वड्या थापून तिचा तळवा खरखरीत झाला होता. कथेकरी पुढं सांगत गेला, आणि शेवटी ती रडणारी बाई आली. तिनं राजाचे पाय धरले. आणि ती तोंड उघडायच्या आतच, सगळ्यांच्या आधी, माझा नवरा म्हणाला, "धन्य महाराज."